कॉलनीत स्ट्रोकचं काम सुरू करायचं आहे, नागपूरकरांनो सांगा नेमकं काय करावं?

मानेवाडा_वाला

राजेहो, थोडं मार्गदर्शन पाहिजे होतं. आमच्या कॉलनीचं गणेश मंडळ आहे, दरवर्षी वर्गणीतून थोडेफार पैसे उरतात अन् त्यातून रक्तदान शिबिर नाहीतर वह्यावाटप होते. यंदा पोट्टे म्हणून राहिले की लकव्यावर, म्हणजे स्ट्रोकवर, काहीतरी करू, कारण आमच्याच दोन-तीन गल्ल्यांत एवढ्यात बऱ्याच जणांना झटका आला, त्यातले काही तं पन्नाशीच्याही आतले, घराचे हप्ते सुरू असलेले, पोरं शाळेत असलेले.

डोक्यात हे आलं कुठून तं माझी मावसबहीण इंग्लंडात लेस्टरला राहते, ती तिथल्या स्ट्रोक असोसिएशनच्या एका गटात सुट्टीच्या दिवशी मदतीला जाते. ही तिथली देशपातळीवरची धर्मादाय संस्था, १८९९ ची. सुरू झाली होती टीबीच्या विरोधात, मग टीबी आटोक्यात आला तसे छातीचे अन् हृदयाचे आजार हाती घेतले अन् १९९० नंतर कुठं नुसती स्ट्रोकवर आली. संशोधनाला पैसा देते, हेल्पलाइन चालवते, रोटरी क्लबांना सोबत घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याचं बीपी मोजायचे कार्यक्रम केले, अन् दवाखान्यातून सुट्टी झालेल्या पेशंटच्या घरी फोन करून विचारते की बाप्पा आता कसं चाललंय. पैसा बराचसा देणग्यांचा, लोक म्हणे मृत्युपत्रातसुद्धा संस्थेच्या नावानं रक्कम लिहून ठेवतात.

तिकडं वर्षाला साधारण एक लाख लोकांना स्ट्रोक येते, आपल्या देशात दहा लाखांच्या वर. आपल्याकडे इंडियन स्ट्रोक असोसिएशन आहे, पण ती मुख्यतः डॉक्टर लोकांची, डॉक्टरांना तयार करायला मिशन ब्रेन अटॅक वगैरे त्यांचं चालू आहे अन् ते पाहिजेच, पण गल्लीतल्या माणसापर्यंत कोण जाणार?

२९ ऑक्टोबरला जागतिक स्ट्रोक दिन असते. माझा प्लॅन असा की सकाळी रॅली, चौकात बॅनर, एखाद्या न्यूरोलॉजिस्टचं (मेंदूच्या डॉक्टरचं) भाषण अन् मग तर्री पोहे. बजेट फार नाही. ज्यांच्या घरी हे होऊन गेलं किंवा जे दवाखान्याच्या लाइनीत आहेत त्यांनी सांगा, याचा काही उपयोग होते का?

धंतोली_फिजिओ

रॅली नका काढू दादा, मनापासून सांगते. रॅलीत कोण येतं, तर सकाळी फिरायला जाणारे, ज्यांचं बीपी आधीच डायरीत लिहिलेलं असतं. ज्याला खरी गरज आहे तो त्या वेळी दुकानाचं शटर उघडत असतो किंवा एमआयडीसीच्या बसमध्ये असतो. आणि भाषणात स्लाइडवर मेंदूच्या रक्तवाहिन्या दाखवल्या की पाचव्या मिनिटाला लोक पोह्याच्या पातेल्याकडे बघायला लागतात, हे मी बऱ्याच कार्यक्रमांत बघितलंय. डॉक्टरांना बोलवा, आपल्या नागपूरला न्यूरोलॉजिस्टची काही कमी नाही, इथल्याच डॉ. चंद्रशेखर मेश्राम यांना २०२४ ला पद्मश्री मिळाली, पण डॉक्टरांना भाषण नका देऊ द्या, लोकांचे प्रश्न घेऊ द्या.

भाषणाऐवजी करून दाखवा. मंडळाचा एक पोरगा उभा करा, त्याला सांगा हस, तर त्यानं तोंडाची एकच बाजू वर न्यायची. दोन्ही हात समोर उचल, तर एक हात हळूहळू खाली येतो. मग एक साधं वाक्य बोलायला लावा, "आज बर्डीवर खूप गर्दी आहे", आणि ते त्यानं बोबडं बोलायचं. यातलं एक जरी अचानक दिसलं तर घड्याळ बघायचं आणि निघायचं. इंग्लंडात २००९ ला सरकारनं टीव्हीवर जाहिरात आणली होती, माणसाच्या डोक्यात आग पसरत जाते अशी, लोकांच्या ती डोक्यात बसली कारण त्यात समजावणं कमी आणि दाखवणं जास्त होतं. चेहरा, हात, बोलणं हे तीन झाले की मग अचानक तोल जाणं आणि अचानक एका डोळ्यानं किंवा एका बाजूचं दिसेनासं होणं हेही सांगा, ते लोक चक्कर म्हणून सोडून देतात.

आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, दहा-पंधरा मिनिटांत सगळं आपोआप ठीक झालं तरी त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. हात सुन्न झाला होता, झोपलो, बरा झाला, असं म्हणणारे माझ्याकडे काही दिवसांनी व्हीलचेअरवर येतात. तो छोटा झटका म्हणजे मोठ्याची सूचना असते आणि सगळ्यात जास्त धोका पहिल्या दोन दिवसांत असतो.

काटोल_रोड

ताईंना अनुमोदन, फक्त एक जोड. आपल्या नागपुरात हा कार्यक्रम ऑक्टोबरात करून भागणार नाही, मे महिन्यात पण करा.

आमच्या शेजारचे काका, भर दुपारी बाहेरून आले अन् बोलणं अडखळायला लागलं, उजवा हात लुळा. पारा ४५ च्या वर, त्यामुळे सगळ्या गल्लीनं एकमुखानं निकाल दिला की ऊन लागलं. कोणी कांद्याचा रस तळपायाला चोळला, कोणी कूलरसमोर झोपवलं, एका काकूंनी चमच्यानं पन्हं पाजलं अन् ते श्वासनलिकेत गेलं, काका ठसकून ठसकून निळे पडले. संध्याकाळी ज्या दवाखान्यात नेलं तिथं मेंदूचा फोटो काढायचं सीटीचं मशीन बंद, हे सांगायला त्यांनी तासभर बसवून ठेवलं. नाव घेत नाही. दुसरीकडे पोचले तोवर गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ निघून गेली होती अन् वरून पन्ह्यानं न्यूमोनिया झाला तो वेगळाच.

म्हणून पोस्टरवर हे मोठ्या अक्षरात पाहिजे की उन्हानं माणूस पूर्ण गळते, अंग तापते, दोन्हीकडून सारखाच ढिला पडते, पण एकाच बाजूचा हात-पाय गेला किंवा तोंड एकीकडे ओढलं तं ते ऊन नाही. अन् समजा कळलंच नाही काय आहे, तरी दोन्हीसाठी दवाखानाच, उष्माघातानं पण माणूस जाते. तोंडातून पाणी, पन्हं, गोळी काही म्हणजे काही द्यायचं नाही.

मेडिकल_चौक_निवासी

मी रेसिडेंट डॉक्टर आहे, ड्युटी संपवून लिहितोय, शुद्धलेखन माफ करा.

वरच्या पन्ह्याच्या जोडीला सॉर्बिट्रेट पण लिहा. घरात कोणाला तरी हार्टचा त्रास असतो, जिभेखाली ठेवायची गोळी कपाटात असते, आणि पेशंटला काही झालं की ती ठेवून देतात, बीपी धाडकन खाली येतं आणि मेंदूला जो थोडा रक्तपुरवठा चालू असतो तोही कमी होतो. अ‍ॅस्पिरिनचं पण तसंच. साधारण ८०-८५ टक्के स्ट्रोक गुठळीनं मेंदूची रक्तवाहिनी बंद झाल्याचे असतात, बाकीचे रक्तस्रावाचे, आणि बाहेरून बघून भल्याभल्या डॉक्टरला सांगता येत नाही कोणता आहे. सीटी झाल्याशिवाय रक्त पातळ करणारं काही दिलं आणि आत ब्लीड असला तर आपणच पेशंटला मारलं.

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. साडेचार तास म्हणजे दवाखान्यात आल्यापासून नाही हो, पेशंट शेवटचा नॉर्मल दिसला तेव्हापासून. सकाळी सहाला उठला तेव्हाच हात गेलेला असेल तर घड्याळ रात्री झोपला तिथून धरतात, काही पेशंटमध्ये एमआरआय वगैरे करून पुढचं ठरवता येतं पण त्यावर विसंबू नका. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी असेल तर मांडीतून तार घालून ती ओढून काढतात, ते साधारण सहा तासांपर्यंत आणि निवडक पेशंटमध्ये चोवीस तासांपर्यंत होतं, पण जितका उशीर तितका फायदा कमी. उपचार नाही झाला तर मिनिटाला सरासरी १९ लाख मेंदूपेशी मरतात असा हिशोब आहे, तेव्हा मामा कामठीहून येतील मग ठरवू, हे नको.

मंडळानं एकच काम केलं तरी चालेल. आत्ता, कोणी आजारी नसताना, आपल्या भागापासून जवळ असलेल्या सगळ्या मोठ्या दवाखान्यांना फोन करून विचारा की रात्री दोन वाजता सीटी होतो का, स्ट्रोकचं इंजेक्शन तुमच्याकडे देतात का, न्यूरोलॉजिस्ट बोलावल्यावर येतात का. सरकारी, खासगी सगळ्यांना विचारा, मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स सुद्धा. ज्यांनी हो म्हटलं त्यांचे नंबर आणि १०८ एका कागदावर छापा, घरोघरी फ्रिजवर चिकटवा, आणि दर सहा महिन्यांनी परत फोन करून खात्री करा. निघताना दवाखान्याला फोन करून सांगायचं, स्ट्रोकचा पेशंट आणतोय, अमुक वाजता सुरू झालं. आम्ही सीटीवाल्याला उठवून ठेवतो तोवर.

खर्राप्रेमी_सक्करदरा

चांगला धागा. पण राजेहो खरं बोलू का, तुम्ही बीपीचा टेबल मांडसान अन् शेजारी पानठेल्यावर पब्लिक उभी राहीन तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत. गुटखा महाराष्ट्रात २०१२ ला बंद झाला, खर्रा खाणं काही थांबलं नाही, उलट पोट्टे शाळेच्या दप्तरात पन्नी घेऊन जाऊन राहिले. मी पण खातो, नाव बघितलं असंनच. आम्हाले तोंडाच्या कॅन्सरचं सगळे सांगतात, फोटो दाखवतात, पण खर्ऱ्यानं लकवा येते हे मले कोणी आजपर्यंत सांगितलं नाही. येते का खरंच का उगाच भेव दाखवून राहिले?

अन् दुसरं, बीपीच्या गोळीचं. आमच्याकडे लोक गोळी महिनाभर खातात, मोजलं का नॉर्मल, की म्हणतात झालं आपलं काम, बंद. माह्या मोठ्या भावानं हेच केलं. गोळी खाऊन नॉर्मल आलं हे त्याले कोण समजावून सांगन, डॉक्टरकडे एवढा टाइम कुठं असते.

धंतोली_फिजिओ

खर्राप्रेमी भाऊ, येतो. धूर नसला तरी तंबाखूच आहे, निकोटिननं बीपी आणि नाडी वाढते आणि चघळायच्या तंबाखूचा स्ट्रोकशी संबंध अभ्यासांत दिसलेला आहे. तुमच्यासारख्या माणसानंच टेबलावर बसायला पाहिजे, डॉक्टरपेक्षा तुमचं जास्त ऐकतील.

गोळीचं तुम्ही जे लिहिलं ते या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे असं मला वाटतं. स्ट्रोकचं एक नंबरचं कारण बीपी, आणि बीपीला काही लक्षणच नसतं, डोकं दुखेल तेव्हा गोळी खाऊ म्हणणाऱ्याचं डोकं कधी दुखतच नाही. १४० वर ९० च्या पुढे परत परत येत असेल तर डॉक्टरकडे, आणि गोळी सुरू झाली की स्वतःहून बंद नाही. शुगर, कोलेस्टेरॉल, दारू हे आहेच, शिवाय नाडी वेडीवाकडी चालत असेल तर ईसीजी, कारण त्या अनियमित ठोक्यांत हृदयात गुठळी तयार होते आणि स्ट्रोकचा धोका पाचपट होतो. मिठाचं म्हणाल तर दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून एक चहाचा चमचा. सावजी, पापड, लोणचं आणि वरून पातळ भाजीत मीठ कमी म्हणून ताटात मीठ घेणारे, हिशोब करा.

सिव्हिल_लाइन्स

विरोधी सूर लावतो, राग नसावा. इंग्लंडच्या संस्थेची तुलना आपल्याशी करणं मला पटत नाही. तिकडे सरकारी दवाखान्यात उपचार फुकट, सव्वाशे वर्षं जुनी काय ती संस्था, तिला सरकारी आरोग्ययंत्रणेकडूनही कामं मिळतात. आपल्याकडे माणूस वेळेत पोचला तरी काउंटरवर पहिला प्रश्न डिपॉझिटचा. गुठळी ओढून काढायचा खर्च लाखांत. जागरूकता करून उपयोग काय, लोकांना फक्त हे कळेल की आपल्याला परवडत नाही.

मेडिकल_चौक_निवासी

मुद्दा समजला दादा. पैशाचा प्रश्न खरा आहे, नाही म्हणत नाही. तरी दोन गोष्टी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे आणि १ जुलै २०२४ पासून ती सगळ्या रेशनकार्डांना लागू केली, पांढऱ्या कार्डालासुद्धा. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, कोणता उपचार त्यात बसतो ते त्यालाच विचारायचं, आणि रेशनकार्ड-आधारची झेरॉक्स आत्ताच फाइलला लावून ठेवा, कारण रात्री झेरॉक्सचं दुकान शोधत फिरणारे नातेवाईक मी रोज बघतो.

दुसरं, हिमाचलमध्ये काय केलं बघा. डोंगराळ राज्य, न्यूरोलॉजिस्ट हाताच्या बोटांवर. तिथं २०१४ पासून सरकारी जिल्हा रुग्णालयातले साधे एमडी डॉक्टर सीटीचे फोटो मोबाइलवर न्यूरोलॉजिस्टला पाठवतात, बोलतात आणि इंजेक्शन तिथंच देतात, तेही मोफत. म्हणजे श्रीमंत देशच पाहिजे असं नाही. गडचिरोलीहून पेशंट नागपूरपर्यंत येईस्तोवर साडेचार तास रस्त्यातच जातात, आम्हाला इथं बसून नुसतं बघावं लागतं. हे मागायला लोकांना आधी माहीत पाहिजे ना की असं काही असतं.

त्रिमूर्तीनगर_काकू

सगळे पहिल्या साडेचार तासांवर बोलताहेत, बरोबरच आहे. पण मानेवाडावाले दादा, तुमच्या बहिणीनं सांगितलेलं ते घरी फोन करून विचारायचं, ते वाचून मला सगळ्यात जास्त हेवा वाटला.

आमच्या ह्यांना उजव्या बाजूचा झटका आला, बोलणं गेलं. डॉक्टर चांगले होते, काही तक्रार नाही, जीव वाचवला. मग डिस्चार्जची फाइल हातात दिली आणि फिजिओथेरपी करा म्हणाले, बस. घरी आल्यावर लुळ्या हाताला धरून उठवायचं नाही, खांदा निखळतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कूस दर दोन तासांनी बदलायची, जेवताना ताठ बसवायचं, घोट छोटा द्यायचा, हे मी नळीवाल्या नर्सबाईंकडून शिकले. ह्यांना समजतं सगळं, पेपर समोर धरला की वाचल्यासारखे डोळे फिरतात, पण तोंडातून शब्द येत नाही, चहा म्हणायचं तर "गाडी" निघतं, आणि मग चिडतात, मग रडतात. येणारे-जाणारे मोठ्यानं बोलतात त्यांच्याशी, जसे बहिरेच झाले. काही जण तर त्यांच्यासमोरच मला विचारतात, आता डोकं काम करतं का हो यांचं. तिकडे म्हणे अशा माणसाला खिशात ठेवायला कार्ड देतात, मला बोलायला त्रास होतो पण समजतं, थोडा वेळ द्या, असं लिहिलेलं. हे कार्ड मराठीत छापायला किती पैसे लागतात सांगा बरं? मी देते.

बँकेचं तर विचारूच नका. सही उजव्या हाताची, ती आता होत नाही. डाव्या हातानं केली तर जुळत नाही. अंगठा आणि साक्षीदार चालतात हे कळायलाच किती चकरा झाल्या. नोव्हेंबरात पेन्शनचा हयातीचा दाखला, तो आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतो हे भाच्यानं सांगितलं म्हणून वाचले, नाहीतर व्हीलचेअर घेऊन जिने चढले असते.

आणि सल्ला देणारे तर दारात उभेच. अमक्या गावात लकव्याचं औषध देतात, रविवारी उपाशीपोटी जायचं, फिजिओ बंद करायची. एकानं तर कबुतराचं रक्त चोळायला आणून दिलं, मी दारातूनच परत पाठवलं. पहिले तीन ते सहा महिने मेंदू सगळ्यात जास्त शिकतो असं आमच्या फिजिओ मॅडम सांगत होत्या, तेच महिने लोक झाडपाल्यात घालवतात. नंतरही सुधारणा होते हो, ह्यांनी दुसऱ्या वर्षी माझं नाव घेतलं, पण तो पहिला काळ परत येत नाही.

तुमच्या मंडळाला जमलं तर महिन्यातून एकदा आमच्यासारख्यांना एकत्र बसवा. भाषण नको, डॉक्टर नको. तळमजल्यावरचा हॉल, हात असलेल्या खुर्च्या आणि जवळ संडास, एवढं बघा. पोरांनी दोन तास ह्यांच्याशी कॅरम खेळला, डाव्या हातानं छान खेळतात, तर मी तेवढ्यात बाजारात जाऊन येईन. घरातला माणूस पण थकतो, त्याला कोणी विचारत नाही.

काटोल_रोड

काकू, कार्डाचं मी डिझाइन करून देतो, माझं डीटीपीचं काम आहे. मागच्या बाजूला घरचा फोन नंबर अन् रक्त पातळ करायची गोळी सुरू आहे का ते लिहायला जागा ठेवतो, अपघात वगैरे झाला तं डॉक्टरले कामी पडते.

मानेवाडा_वाला

बाप्पा, एवढं मिळन असं वाटलं नव्हतं. रॅली कॅन्सल. काल रात्री मंडळाची मीटिंग झाली, थोडी भांडणं झाली कारण बॅनरवर नगरसेवकाचा फोटो टाकायचा होता काहींना, ते पण कॅन्सल. ठरलं असं की फोन करायची जबाबदारी कॉलेजच्या पोरींनी घेतली, त्या दवाखान्यांना दिवसा अन् रात्री दोन्ही वेळी फोन करून विचारणार, कारण दिवसा सगळेच हो म्हणतात. कागद छापून गौरी-गणपतीच्या पावतीपुस्तकासारखा घरोघरी द्यायचा. पानठेल्यावर बीपीचा टेबल, ठेलेवाल्याशी बोललो, तो म्हणे माझंच पहिले मोजा. काकू, हॉल मिळाला, समाजभवनाचा तळमजला, पायरी एकच आहे, तिथं फळी टाकू. पहिला रविवार पकडू का? अन् मावसबहीण म्हणाली ती व्हिडिओ कॉलवर दाखवीन त्यांच्या गटात काय काय खेळ घेतात ते.

एकच राहिलं, बीपीचं मशीन कोणतं घ्यायचं? इलेक्ट्रॉनिक चालते ना? अन् मोजणार आमचे पोट्टे, नर्स नाही कोणी.

धंतोली_फिजिओ

इलेक्ट्रॉनिक चालतं, फक्त दंडावर बांधायचं घ्या, मनगटाचं नको. पट्टा दोन मापांचा घ्या, जाड दंडाला छोटा पट्टा बांधला की आकडा उगाच जास्त येतो आणि लोक घाबरतात. मोजायच्या आधी पाच मिनिटं पाठ टेकून बसवा, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, मोजताना गप्पा नाही. अर्धा तास आधी चहा, खर्रा, बिडी नाही, पानठेल्यावर हे कसं जमवता ते तुम्हीच बघा, बाक थोडा लांब टाका. दोनदा मोजा, मध्ये एक-दोन मिनिटं जाऊ द्या, कागदावर तारखेसकट लिहून त्याच्या हातात द्या. जास्त आलं तर पोरांनी औषध सुचवायचं नाही, फक्त डॉक्टरकडे जा म्हणायचं. आणि १८० च्या वर आलं आणि सोबत डोकं-छाती दुखतेय, बोलणं अडखळतंय असं काही असेल तर टेबल सोडून त्याला घेऊन निघायचं.

पहिल्या रविवारी मी येते, खुर्चीतून उठवायचं-बसवायचं घरच्यांना शिकवीन.

खर्राप्रेमी_सक्करदरा

बाक मी आणतो. टेबलावर पण बसतो, पण खर्रा सोडला असं कोणाले सांगू नका अजून.